जुनी मर्सिडीज डिझेल दुसऱ्या गिअरमध्ये अडकली, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासावे

घाट चढताना एक झटका बसतो आणि गिअर बदलणे बंद होते. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, की कधी सगळे ठीक चालते, तर कधी गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही. निघताना जड वाटते, ५०-६० च्या वर इंजिन नुसते ओरडते. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: गिअरबॉक्स बसला, खोलावा लागेल. या विशिष्ट गिअरबॉक्सच्या बाबतीत हे उत्तर फार घाईचे असते. बाहेरून, तेलाचा थेंबही न सांडता करता येण्यासारख्या चार-पाच तपासण्या बाकी असताना तो खाली उतरवला जातो, आणि मूळ दोष गाडीतच राहतो.

हा गिअरबॉक्स म्हणजे मर्सिडीजचा ७२२.६. पाच गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. १९९६ च्या सुमारास आला आणि भारतात पुण्यात जुळणी झालेल्या ई-क्लास (डब्ल्यू२१०, डब्ल्यू२११) व सी-क्लास (डब्ल्यू२०३) यांच्या २२० आणि २७० सीडीआय डिझेल गाड्यांत तो सर्रास सापडतो. महिंद्राने २०१२ मध्ये चाकणला जुळवून विकायला आणलेल्या सँगयाँग रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्येही मर्सिडीजचाच पाच-गिअर आहे. त्याच्या दोन मुख्य आवृत्त्या आहेत: ३३० आणि ५८०. हे आकडे म्हणजे तो किती न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकतो त्याचे माप. यांत्रिक बाजूने तो दणकट आहे. बिघडतात त्या बहुधा त्याच्याभोवतीच्या गोष्टी: एक प्लास्टिकची बुश, एक सेन्सर-प्लेट, रेडिएटर, आणि ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ म्हणून कधीच न बदललेले तेल.

आधी तो काम कसा करतो ते थोडक्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे देतो. त्याच्या आत एक लॉक-अप क्लच असतो, जो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये हळूहळू आवळून ही घसरण कमी करतो. गिअरबॉक्समध्ये तीन प्लॅनेटरी संच (मधल्या ‘सन’ गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचे संच) आणि त्यांना धरणारे-सोडणारे सहा क्लच-ब्रेक असतात: के१, के२, के३ हे क्लच; बी१, बी२, बी३ हे ब्रेक. कोणता केव्हा आवळायचा हे व्हॉल्व्ह बॉडीतले, म्हणजे तेलाच्या वाटा बदलणाऱ्या ठोकळ्यातले, सहा सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) ठरवतात. आणि सोलेनॉइडला हुकूम देतो तो गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, म्हणजे टीसीएम. तो गिअरबॉक्सच्या बाहेर, मॉडेलप्रमाणे पायाजवळच्या गालिच्याखाली किंवा बॉनेटखालच्या बंद पेटीत बसवलेला असतो. म्हणजे तीन वेगळ्या यंत्रणा झाल्या: वीज, तेल आणि घर्षणाच्या प्लेट्स. दोष यांपैकी कुठे आहे एवढे आधी ठरवले तरी अर्धे काम होते.

अडकणे आणि घसरणे या दोन वेगळ्या तक्रारी

टीसीएमला एखादे सिग्नल खोटे वाटले की तो सोलेनॉइडचा पुरवठाच तोडतो. याला लिंप मोड म्हणतात. चालत्या गाडीत तेव्हा जो गिअर असेल तो तसाच धरला जातो. गाडी थांबवून लिव्हर पी (पार्क) मध्ये टाकला, इंजिन बंद केले, दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू केले, तर डी (ड्राइव्ह) मध्ये फक्त दुसरा गिअर आणि आर मध्ये रिव्हर्स मिळतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे: वीज नसताना व्हॉल्व्ह बॉडी तेलाच्या वाटेने आपोआप दुसऱ्या गिअरला जाते, म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत तरी पोचते. दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचे गणित उलटे असते. विजेशिवाय तेलाचा दाब कमाल होतो. म्हणून लिंप मोडमध्ये डी किंवा आर टाकताना मोठा धक्का बसतो. तो धक्का गिअर तुटल्याचा नाही.

घसरण्याची तक्रार वेगळी. गिअर बदलायच्या क्षणी आरपीएम नुसता वर उडतो आणि मग पकड येते, किंवा ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिनच्या आवाजाइतकी गाडी ओढत नाही. इथे तेल, दाब किंवा प्लेट्स यांच्याकडे बोट जाते. अर्थात घसरण फार झाली तर टीसीएम ती ओळखतो आणि तोही लिंप मोडमध्येच जातो. म्हणून टीसीएमने नोंदवलेला दोषाचा कोड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, त्या वेळचे तेलाचे तापमान आणि वेग दिसत असेल तर तेही. बाजारात मिळणारा साधा ओबीडी स्कॅनर या गाड्यांत फक्त इंजिनशी बोलतो; टीसीएमपर्यंत पोचायला मर्सिडीजची भाषा येणारा स्कॅनर लागतो. पी०७१५ सारखा कोड वेगाच्या सेन्सरकडे नेतो, पी०७३० गिअरचे प्रमाण जुळत नाही असे सांगतो, पी०७४० लॉक-अप क्लचचा. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ‘गिअरचे प्रमाण जुळत नाही’ हे प्लेट्स झिजल्याने होते, तसेच सेन्सर खोटे बोलल्यानेही होते.

गिअरबॉक्सच्या बाहेरचे दोष

बॅटरी पहिली. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल, किंवा इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान नसेल, तर आधी ते दुरुस्त करा. कमी व्होल्टेजवर टीसीएम भलतेच कोड नोंदवतो. डब्ल्यू२१० मध्ये त्याला पुरवठा देणाऱ्या रिले मॉड्यूलमधले सोल्डरचे टाके तडकतात. दोष येतो-जातो, खड्ड्यातून गेले की होतो, मॉड्यूल काढून ठोकले की बरा होतो. भिंगाखाली टाक्याभोवती गोल चीर दिसते. नव्याने डाग दिला की काम होते.

लिव्हर पी मधून निघतच नसेल तर गिअरबॉक्सचा काही संबंध नाही. ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का पाहा. दिवे लागत नसतील तर पेडलजवळचा ब्रेक स्विच गेला आहे. लिव्हर सोडण्याची परवानगी त्याच सिग्नलवर मिळते. दिवे लागत असूनही लिव्हर अडकला असेल, तर लिव्हरखालच्या मॉड्यूलमधला छोटा प्लास्टिकचा खटका तुटलेला असू शकतो. डब्ल्यू२१० च्या पिढीत हा नेहमीचा रोग आहे. याच मॉड्यूलवर चहा किंवा सरबत सांडले की लिव्हर कुठे आहे हे टीसीएमला कळेनासे होते.

चाकांचे एबीएस सेन्सर ही इथली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. या गिअरबॉक्सला बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा स्वतःचा सेन्सरच नाही. गाडीचा वेग तो चाकांच्या सेन्सरवरून, एबीएस-ईएसपी युनिटमार्फत घेतो. तेव्हा चिखलाने माखलेला किंवा वायर तुटलेला एक सेन्सर गिअरबॉक्सला लिंप मोडमध्ये नेऊ शकतो. एबीएस किंवा ईएसपीचा दिवा आणि गिअरची तक्रार एकाच दिवशी सुरू झाली असेल, तर चाकांपासून सुरुवात करा.

आणि डिझेल इंजिन स्वतः. गिअर किती दाबाने आवळायचा हे टीसीएम इंजिनच्या टॉर्कवरून ठरवतो, आणि तो टॉर्क इंजिनचा कंट्रोल युनिट त्याला कळवतो. हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर, म्हणजे एमएएफ, मळला किंवा टर्बोकडून येणारा इंटरकूलरचा रबरी पाइप फाटला, तर हा आकडा चुकतो. मग गिअर उशिरा पडतात, धक्के बसतात, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी येतो. जोडीला काळा धूर आणि चढावर दम लागणे ही लक्षणे असतील तर आधी इंजिन नीट करा. एक साधी खातरजमाही करून घ्या: लिव्हरजवळचे डब्ल्यू बटण दाबलेले नाही ना? त्या मोडमध्ये गाडी दुसऱ्या गिअरनेच निघते, रिव्हर्सही उंच गुणोत्तराचा लागतो. ‘पिकअप नाही’ या तक्रारीचा उगम कधी कधी एवढाच असतो.

तेरा पिनांचा कनेक्टर

गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, पुढच्या बाजूस, एक गोल प्लग दिसतो. काही गाड्यांत त्यावर पत्र्याचे छोटे उष्णतारोधक झाकण असते. हा तेरा पिनांचा प्लग एका प्लास्टिकच्या बुशमध्ये बसतो आणि त्या बुशवर दोन ओ-रिंग असतात. वर्षानुवर्षे तापून ओ-रिंग कडक होतात, आणि तेल गळू लागते. जमिनीवर पडणाऱ्या थेंबांनी फार बिघडत नाही. खरा त्रास वेगळा आहे: तेल वायरच्या आवरणाच्या आतून, दिव्याच्या वातीत चढावे तसे, वर चढत जाते आणि मीटरभर दूर असलेल्या टीसीएमच्या प्लगमध्ये जाऊन साठते. तेलात लोखंडाची बारीक भुकटी असते. पिनांमध्ये ती बसली की सिग्नल बिघडतात.

म्हणून तपासणी दोन टोकांना करायची. बॅटरीची वायर काढा. गाडी जॅकवर ठेवू नका. मजबूत स्टँडवर किंवा रॅम्पवर घ्या. प्लगची कडी घड्याळाच्या उलट फिरवून प्लग सरळ मागे ओढा. पिनांवर तेल दिसले तर बुश गेली. मग टीसीएमचा प्लग काढून बघा. तिथेही तेल असेल तर दोन्ही प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाऱ्याने वाळवून घ्या. वातीसारखे वर चढलेले तेल पुढचे काही आठवडे झिरपत राहते, त्यामुळे ही सफाई महिनाभराने पुन्हा करावी.

बुश बदलणे सोपे आहे. मधोमध ७ मिलिमीटरच्या डोक्याचा एक बोल्ट असतो. तो सोडून बुश बाहेर ओढायची. थोडे तेल सांडेल, खाली ट्रे ठेवा. नव्या बुशच्या ओ-रिंगांना गिअरबॉक्सचेच तेल लावून, खाच जुळवून आत ढकला. बोल्ट अगदी हलका आवळायचा, कारण तो प्लास्टिकच्या भागात फिरतो. पाना जोरात फिरवून तो आटा गेला, तर एवढ्याशा वस्तूसाठी तेल काढून चेंबर, म्हणजे तळाचा तेलाचा ट्रे, खोलावा लागतो. बुश घेताना सुधारित आवृत्तीच घ्या, आणि फक्त ओ-रिंग बदलून वेळ मारून नेऊ नका. प्लास्टिकच वाकलेले असते.

पावसाळ्याचा संबंध इथे थेट आहे. टीसीएम गालिच्याखाली असलेल्या गाड्या पाणी भरलेल्या रस्त्यातून गेल्या की आतला जाड फोम पाणी धरून बसतो. गालिचा वरून कोरडा लागतो, खालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मुंबईत वापरलेली गाडी घेताना गालिच्याची कडा उचलून खाली हात घालून बघावा.

कंडक्टर प्लेट

कनेक्टर कोरडा असून वेगाच्या सेन्सरचा कोड येत असेल, तर पुढचा संशय कंडक्टर प्लेटवर जातो. व्हॉल्व्ह बॉडीवर बसणारी ही प्लास्टिकची प्लेट. तिच्यात धातूच्या पट्ट्या, एन२ आणि एन३ हे आतल्या फिरत्या भागांचा वेग मोजणारे दोन सेन्सर, तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि पी-एन (पार्क-न्यूट्रल) मध्येच इंजिन सुरू होऊ देणारा रीड स्विच असतो. ती सतत गरम तेलात बुडालेली असते. सेन्सर जातात ते बहुधा टप्प्याटप्प्याने: सकाळी गाडी उत्तम, तासभर ट्रॅफिकमध्ये तापली की लिंप मोड, चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा ठीक. गरम झाल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर जाणारा विजेचा दोष बघितला की प्लेटच आठवावी.

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, कारण गिअरबॉक्सची रचनाच पुरावा देते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये के१ आवळलेला असतो, पुढचा प्लॅनेटरी संच एकसंध फिरतो, म्हणून एन२ आणि एन३ चे आकडे सारखे दिसायलाच हवेत. पहिल्या आणि पाचव्या गिअरमध्ये बी१ ने सन गिअर धरलेला असतो, म्हणून एन२ शून्य दिसतो. आणि ते बरोबर आहे. कित्येक जण पाचव्या गिअरमधला तो शून्य पाहून चांगली प्लेट बदलतात. स्कॅनरवर दोन्ही आकडे लावून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये स्थिर वेगाने चालवा. एक आकडा मध्येच शून्यावर पडत असेल किंवा थरथरत असेल, तर सेन्सर गेला. दोन्ही एकदम पडत असतील, तर त्यांच्या सामायिक पुरवठ्याकडे, म्हणजे प्लग, वायर आणि टीसीएमकडे परत जा.

तापमानाच्या सेन्सरचीही एक खोड माहीत असावी. तो रीड स्विचच्या मालिकेत जोडलेला आहे. पी आणि एन मध्ये तो स्विच उघडा असतो, त्यामुळे तेलाचे खरे तापमान दिसत नाही. टीसीएम इंजिनच्या पाण्याचे तापमान वापरतो. तेलाचे तापमान बघायचे तर ब्रेक घट्ट दाबून लिव्हर डी किंवा आर मध्ये टाकावा.

प्लेट बदलायला व्हॉल्व्ह बॉडी खाली घ्यावी लागते. त्याच वेळी सोलेनॉइडचा रोध मोजून घ्या: गिअर बदलणारे तीन साधारण ४ ओहम, दाबाचे दोन साधारण ५. एखादाच फार वेगळा निघाला तर तो बदला. सोलेनॉइडच्या टोकावर चिकटलेली काळी भुकटी पुसा. व्हॉल्व्ह बॉडीचे आणि चेंबरचे टॉर्क्स बोल्ट ८ न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे मनगटाच्या हलक्या ताकदीने. मिश्र धातूच्या बॉडीवर जोर लावला की व्हॉल्व्ह आत अडकायला लागतात.

तेल: किती, कसले, आणि त्यात काय मिसळले आहे

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. नळी आहे, तिच्यावर सील केलेले झाकण आहे, आणि आत मोजायची पट्टी गॅरेजचे हत्यार म्हणून वेगळी मिळते. तिच्यावर २५ आणि ८० अंश सेल्सिअस अशा दोन तापमानांसाठी कमाल-किमान खुणा असतात. खरे माप ८० अंशांचेच. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये. पट्टी नळीतून चेंबरच्या तळाला टेकेपर्यंत घालायची. वर सांगितल्याप्रमाणे तापमान आधी डी मध्ये वाचा, मग पी मध्ये येऊन लगेच माप घ्या. इंजिन बंद करून घेतलेले माप निरुपयोगी आहे, कारण कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते आणि पातळी खोटी वर दिसते. तेल कमी असेल तर सकाळी डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलत नाही, वळणावर किंवा चढावर पकड सुटते. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब येत नाही. लक्षणे दोन्हीकडे सारखीच.

चेंबर खोलून तेल काढले तर साधारण ४ ते ५ लिटर निघते. उरलेले ३ लिटरच्या आसपास कन्व्हर्टरमध्ये राहते. जुन्या कन्व्हर्टरला तळाशी नट असतो. बेल हाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीच्या कवचाच्या) खिडकीतून इंजिन हाताने फिरवत तो खाली आणायचा आणि तेही रिकामे करायचे. नंतरच्या कन्व्हर्टरला हा नट काढून टाकलेला आहे. तिथे काही हजार किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा चेंबरचे तेल बदलणे हा व्यवहार्य मार्ग. भरताना आधी ४ लिटर घाला, इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून सगळ्या गिअरांतून लिव्हर फिरवा, मग मापाप्रमाणे थोडे थोडे घालत जा. फिल्टर आणि चेंबरचे रबर प्रत्येक वेळी नवे.

तेल मर्सिडीजच्या २३६.१४ या मानकाचे घ्या. शेल एटीएफ १३४ किंवा फुक्स टायटन ४१३४ यांसारखे. दुकानदार ‘ऑटोमॅटिकचे लाल तेल’ म्हणून साधे डेक्स्रॉन हातात देईल, ते घालू नका. या गिअरबॉक्सचा लॉक-अप क्लच बराच वेळ अर्धवट घसरत्या स्थितीत काम करतो आणि त्यासाठी तेलातले घर्षण-रसायन नेमके लागते. चुकीच्या तेलावर तो थरथरतो. उलट २३६.१५ हे नंतरच्या सात-गिअरसाठीचे पातळ तेल. ते नवे आहे म्हणून चांगले असेल, असा हिशोब इथे चालत नाही.

खाली काढलेले तेल वाचायला शिका. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ चिखल असणे सामान्य आहे. नखाला टोचणारे कण किंवा पत्र्याचे तुकडे असतील तर गिअरबॉक्स खरोखर उघडावा लागेल. तेल काळे आणि जळका वास असेल तर प्लेट्स तापल्या आहेत. आणि तेल वरवर ठीक दिसत असूनही गाडी थरथरत असेल, तर पाण्याचा विचार करा.

हा भाग जरा सविस्तर, कारण यात चांगले गिअरबॉक्स मरतात. गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. २००० ते २००३ च्या काळातल्या काही डब्ल्यू२०३ आणि डब्ल्यू२११ गाड्यांच्या रेडिएटरमध्ये हा कूलर आतून झिरपतो आणि कूलंटमधले ग्लायकॉल तेलात मिसळते. फार मिसळले तर तेल दुधाळ गुलाबी होते, पण तोवर उशीर झालेला असतो. अगदी थोडे ग्लायकॉल डोळ्याला दिसत नाही आणि तरीही ते लॉक-अप क्लचचे अस्तर चिकटवणारा थर सोडवते. आधी थरथर, मग अस्तराचा भुगा, मग भुग्याने बुजलेला फिल्टर. संशय असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या: अहवालात सोडियम आणि पोटॅशियम वाढलेले आढळले तर कूलंट तेलात पोचले आहे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे नळाचे पाणी भरायची सवय आहे. त्याने ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते, म्हणून हा धोका त्या सालांपुरता मर्यादित समजू नये. ग्लायकॉल सापडले तर क्रम ठरलेला आहे: आधी नवा रेडिएटर, मग तेलाच्या नळ्यांसह सगळी धुलाई, आणि थरथर सुरू झालेली असेल तर कन्व्हर्टरही. जुना रेडिएटर ठेवून केलेला गिअरबॉक्सचा खर्च काही महिन्यांत पुन्हा करावा लागतो.

थरथर नेमकी कुठून येते

६० ते ८० च्या वेगात, हलक्या पायाने, खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी घरघर जाणवते. ही लॉक-अप क्लचची खूण. खात्री करायला तोच आरपीएम ठेवून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धरा. दुसऱ्यात लॉक-अप काम करत नाही. थरथर गायब झाली तर कन्व्हर्टर किंवा तेल, राहिली तर इंजिन. डिझेलचा एखादा इंजेक्टर कमी डिझेल देत असेल तरी असेच जाणवते, फक्त ते गिअर पाहत नाही. तेल जुने असेल तर आधी ते पूर्ण बदलून बघावे. अस्तर शाबूत असेल तर तेवढ्याने बरे होते.

उभ्या गाडीत डी टाकून ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलते आणि एन मध्ये थांबते, हे इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या रबरी माउंटचे काम. डी-आर बदलताना खालून ‘ठक्’ येतो, निघतानाही येतो, तेव्हा प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा रबरी जोड, म्हणजे फ्लेक्स डिस्क, बघा. बोल्टच्या भोकांभोवती रबराला चिरा पडलेल्या दिसतात. हे सगळे गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

कोणता गिअर घसरतो त्यावरून आतला दोष

इथवर सगळे ठीक निघाले आणि तरीही गाडी घसरते, तर आता आत बघायचे. पण कुठे, हे रस्त्यावरच बरेचसे कळते.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बी१ सुटतो, के१ धरतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात के३ सुटतो, के२ धरतो. तिसऱ्यातून चौथ्यात बी२ सुटतो, के३ धरतो. चौथ्यातून पाचव्यात के१ सुटतो आणि पुन्हा बी१ धरतो. बी३ फक्त रिव्हर्समध्ये लागतो. आता तर्क करा. दोन-तीन बदलताना आरपीएम उडतो आणि नंतर तिसरा, चौथा, पाचवा तिन्ही जोर दिला की घसरतात, तर के२, कारण तो या तिघांत सामायिक आहे. पुढचे सगळे गिअर उत्तम आणि फक्त रिव्हर्स नाही, तर बी३. एक-दोन आणि चार-पाच हे दोन्ही बदल बिघडले आणि मधले ठीक असतील, तर प्लेट्सकडे जाण्याआधी एक सोलेनॉइड बघा: या दोन्ही बदलांना एकच सोलेनॉइड आहे. सगळेच गिअर सारखे घसरत असतील तर एकेक क्लच जळाला असे मानण्यापेक्षा तेलाचा दाब, फिल्टर आणि पंप यांचा विचार आधी करावा.

ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची जी चाचणी काही गॅरेजमध्ये केली जाते, ती जुन्या गाडीवर करू देऊ नये. काही सेकंदांत कन्व्हर्टरमधले तेल भयानक तापते, आणि वर दिलेल्या तपासण्यांपेक्षा वेगळे काहीच कळत नाही.

दोष सापडेपर्यंत गाडी लिंप मोडमध्ये गॅरेजपर्यंत स्वतःच्या पायांनी नेता येते, पण घाटातून नको. ओढून न्यायची तर फ्लॅटबेड उत्तम. नाइलाज असेल तर एन मध्ये, ५० च्या आत वेगाने, जास्तीत जास्त ५० किलोमीटर: इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

गिअरबॉक्स उघडलाच तर करणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: कन्व्हर्टर बदलला की नुसता धुतला, कूलर आणि नळ्या धुतल्या का, कंडक्टर प्लेट आणि तेरा पिनांची बुश नवी आहे का, आणि टीसीएममधले शिकलेले आकडे पुसले का. शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो. प्रत्येक क्लच भरायला किती वेळ आणि दाब लागतो हे टीसीएम झिजलेल्या प्लेट्सवरून शिकत आलेला असतो. नव्या प्लेट्सना तेच आकडे दिले की गिअर धक्क्याने पडतात. ते पुसून, तेल ६० अंशांच्या वर तापवून, हलक्या आणि स्थिर पायाने एकेक गिअर बदलत गाडी चालवायची. रिकाम्या सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास, पुन्हा दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ. त्यानंतरही एखाद्याच बदलाला धक्का राहिला, तर त्या बदलाचा क्लच आणि त्याचा सोलेनॉइड, याच दोन ठिकाणी परत बघायचे.